पांढऱ्या फायकसला हिरवा फुटवा आलाय?

अरे, तो हिरवागार फुटवा बघून खूश होऊ नकोस. व्हेरिगेटेड, म्हणजे हिरव्या-पांढऱ्या पानांच्या फायकसच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून झाड सावकाश वाढतं. निव्वळ हिरवी फांदी मात्र जोमाने सुटते आणि बघता बघता सगळं झाड तिचंच होतं. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, ती फांदी थेट तिच्या बुडापासून काप. चीक हाताला लागू देऊ नकोस, खाज सुटते काहींना.

सकाळचं कोवळं ऊन भरपूर दे; मे महिन्यातल्या दुपारी पांढऱ्या कडा करपतात. पाणी रोज नको. बोट पेरभर खुपसून बघ, कोरडं लागलं तरच घाल. आणि कुंडी सारखी हलवू नकोस, झाड रुसतं. माझं हॉलमधून गॅलरीत नेलं तर आठवड्यात पार खराटा झालं होतं! दीड महिन्याने फुटलं पुन्हा.