सॉफ्टबॉलमधला 'अडथळा' : एक शब्द, दोन उलटे निकाल

प्रश्न असा आहे : सॉफ्टबॉलमधल्या ऑब्स्ट्रक्शन आणि इंटरफिअरन्स या दोन्हींना मराठीत सर्रास 'अडथळा' म्हणतात. ते चालेल, की वेगळे शब्द हवेत?

वेगळे हवेत. ऑब्स्ट्रक्शन झालं तर रनरला (एका टप्प्यावरून, म्हणजे बेसवरून, पुढच्याकडे धावणाऱ्या खेळाडूला) संरक्षण मिळतं, इंटरफिअरन्स झाला तर बहुतेक वेळा तोच बाद होतो. 'दुसऱ्या बेसजवळ रनर आणि शॉर्टस्टॉपमध्ये (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) अडथळा झाला' एवढंच लिहिलं, तर कोण वाचलं आणि कोण गेलं हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

धक्का किती जोरात बसला याला महत्त्व नाही. धक्का न लागताही दोन्ही गुन्हे होतात. कर्ता कोण, ते पाहायचं. क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू नाही, मारलेला चेंडू टिपायच्या प्रयत्नातही तो नाही, तरी त्याच्यामुळे रनरला वाट बदलावी लागली किंवा वेग कमी करावा लागला, तर ते ऑब्स्ट्रक्शन. चेंडू नसताना टॅग केल्याचं, म्हणजे रनरला चेंडू लावून बाद केल्याचं, सोंग करणं हेही त्यातच येतं. बॅटिंग करणाऱ्या संघाने क्षेत्ररक्षकाच्या कामात विघ्न आणलं, तर तो इंटरफिअरन्स.

गोंधळाचं मूळ मला क्रिकेटमध्ये दिसतं. तिथे 'क्षेत्ररक्षणात अडथळा' आणून बाद होतो तो फलंदाज, आणि इंग्रजीत त्याला ऑब्स्ट्रक्टिंगच म्हणतात. सॉफ्टबॉलमध्ये तीच कृती इंटरफिअरन्स ठरते. शिवाय क्रिकेटमध्ये हेतू सिद्ध व्हावा लागतो. इथे मारलेल्या चेंडूवर जाणाऱ्या क्षेत्ररक्षकाला वाटेचा पहिला हक्क असतो. रनर नकळत धडकला तरी बाद. फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत मात्र मुद्दाम केलं का, हे पंच बघतो.

आता शब्द. ऑब्स्ट्रक्शनला 'अडवणूक' घ्यावा. त्यात वाट रोखणं थेट दिसतं. उणीव एकच : 'सावकाराने अडवणूक केली' यातला हेतूचा वास त्याला चिकटलेला आहे, आणि नियमात हेतूची अट नाही. तरीही 'अडथळा'पेक्षा तो बरा, कारण अडथळा दगडाचाही असतो, अडवणूक कोणीतरी करावी लागते.

इंटरफिअरन्सला 'व्यत्यय'. संस्कृतात याचा अर्थ उलटापालट. पाणिनीच्या 'व्यत्ययो बहुलम्' सूत्रात तो तसाच आहे. मराठीने त्याला चालू कामात येणारी बाधा केलं. चेंडू टिपणं किंवा फेकणं हे चालू कामच, म्हणून तो इथे चपखल बसतो. 'हस्तक्षेप' नको, रनरचा पाय मध्ये आला तर हस्तक्षेप म्हणताना हसू येईल. प्रेक्षकाने किंवा पंचाने चेंडूच्या मध्ये येणं हाही व्यत्ययच, अडवणूक नव्हे.

एक अपवाद जिभेवर ठेवा. कॅचरचा (बॅटरच्या मागच्या क्षेत्ररक्षकाचा) ग्लोव्ह बॅटला लागला तर बेसबॉलमध्ये त्याला कॅचरचा इंटरफिअरन्स म्हणतात, सॉफ्टबॉलमध्ये कॅचरचं ऑब्स्ट्रक्शन. आपली विभागणी सॉफ्टबॉलच्या बाजूने पडते : बचावाची चूक, म्हणून अडवणूक.

क्रियापदंही जपा. अडवणुकीत खेळ लगेच थांबत नाही. पंच डावा हात आडवा करून मूठ दाखवतो आणि खेळ चालू देतो. रनर एरवी ज्या बेसपर्यंत पोचला असता तो बेस त्याला नंतर मिळतो. म्हणून 'अडवणूक दिली आणि खेळ थांबवला' हे वाक्य सहसा चुकीचं. व्यत्ययात चेंडू तिथेच मृत होतो, म्हणजे खेळ थांबतो, आणि इतर रनर त्या क्षणी स्पर्श केलेल्या शेवटच्या बेसवर परततात.

बातमीत असं लिहावं : 'तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूने अडवणूक केल्याने रनरला होम देण्यात आलं.' (होम म्हणजे धाव पुरी होते तो शेवटचा बेस.) किंवा : 'शॉर्टस्टॉप चेंडू टिपत असताना व्यत्यय आणल्याबद्दल रनर बाद.' मैदानावर ओरडताना मात्र 'ऑब्स्ट्रक्शन!' हेच तोंडी येणार, आणि त्यात काही बिघडत नाही.