वाचकांचे प्रश्न : घर कुठे घ्यावे, कोणाच्या शेजारी?

प्रश्न : आम्ही सहा वर्षे जर्सी सिटीत भाड्याने राहतो. मुलगी तिसरीत आहे. आता घर विकत घ्यायचे ठरवल्यावर न्यू जर्सीतीलच तीन गावे समोर आहेत. पहिले एडिसन. तिथे माझी नणंद राहते, आणि वाण्याच्या दुकानापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे आपले. दुसरे एक टुमदार गाव, शाळेचे मानांकन दहापैकी दहा, पण वस्ती जवळजवळ सगळी गोऱ्यांची. तिथे घर पाहून बाहेर पडलो, तेव्हा कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईंनी अगदी हसून विचारले, "कुणाकडे आला आहात?" तिसरे मेपलवुड. तिथे गोरे आणि कृष्णवर्णीय असा मिश्र शेजार आहे. नणंद म्हणते, "तिकडे काळे फार, पुढे घराला भाव येणार नाही." यजमान म्हणतात, एडिसनलाच राहायचे होते तर ठाणे काय वाईट होते? एजंटला विचारले, या गावांत लोक कसे आहेत, तर तो म्हणाला, "ते मला सांगता येत नाही." आम्ही काय करावे?
— एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : एजंटवर रागावू नका; त्याच्या गप्प बसण्यामागे कायदा आहे. 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतर आठवड्याभरातच, 11 एप्रिलला, घरांच्या विक्रीत व भाड्यात वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून भेदभाव करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. "तुमच्यासारख्यांना ते गाव बरे पडेल" असे सुचवून गिऱ्हाईक एखाद्या वस्तीकडे वळवणे हेही त्या कायद्याच्या कक्षेत येते. (पुण्यात घर शोधताना एजंटचा पहिला प्रश्न 'आडनाव काय?' हा असतो. त्या सवयीने आपण इथे येतो, म्हणून हे मौन आपल्याला उद्धटपणाचे वाटते.)

आता नणंदबाईंचे वाक्य. ते त्यांचे स्वतःचे नाही, फार जुने आहे. 1930 च्या दशकात गृहकर्जाशी संबंधित एका सरकारी संस्थेने अमेरिकेतील शहरांचे नकाशे रंगवले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल दाखवल्या गेल्या, आणि सरकारी हमीची स्वस्त कर्जे गोऱ्या उपनगरांकडे गेली, तशी या वस्त्यांच्या वाट्याला आली नाहीत. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून 'बघा, ते आले की भाव पडतो', असे ते चक्र फिरत राहिले. पुढे दलालांनी याच भीतीवर धंदा केला : एक कृष्णवर्णीय कुटुंब आले की शेजारच्या गोऱ्यांना घाबरवून घरे मातीमोल भावाने घ्यायची आणि तीच चढ्या भावाने विकायची. आपण या देशात पुष्कळ नंतर आलो, पण ही भीती मात्र कोणतीही चौकशी न करता उचलली, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

मेपलवुडबाबत तर ती मुळातच लागू पडत नाही. मेपलवुड आणि शेजारचे साउथ ऑरेंज यांची शाळाव्यवस्था एकच आहे. तिथल्या नागरिकांनी 1996 मध्ये एक समिती स्थापन केली, ती याच हेतूने की गोरे निघून जाऊ नयेत, कृष्णवर्णीय ठरावीक गल्ल्यांतच कोंडले जाऊ नयेत आणि नव्याने येणाऱ्यांना दोन्ही गावे पुरी दिसावीत. त्याच वर्षी मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला थेट रेल्वे सुरू झाली. आजच्या किमती एकदा पाहा. तिथे काळजी करायचीच तर भावाची नको, मालमत्ता कराची करा. मात्र तिथे सगळे गोकुळ आहे असेही समजू नका. शाळेत वरच्या पातळीच्या वर्गांत गोरी मुले अधिक आणि खालच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुले अधिक, हा तिथला जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. तुमच्या मुलीला कोणत्या वर्गात घालतील, ते कोण ठरवते आणि पुढे वर्ग बदलता येतो का, हे शाळेलाच विचारा.

दुसऱ्या गावातील बाईंच्या मनात वाईट काही नसेलही. पण 'कुणाकडे' या शब्दात तुम्ही पाहुण्या आहात हे गृहीत आहे, आणि तो प्रश्न दारावर येणारा माणूस, शाळेतील स्वयंसेविका, पोहण्याच्या तलावावरचा मुलगा असे सगळे वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहतील. मोठ्या माणसाला ते निभावता येते. आठ वर्षांच्या मुलीला वर्गात आपल्यासारखी एकटीच असण्याचे ओझे रोज वाहावे लागते, आणि मुले ते घरी सांगत नाहीत. शिवाय दहापैकी दहा या आकड्यात शिक्षकांच्या कौशल्याइतकाच पालकांचा पगारही मोजला जातो.

यजमानांना सांगा, एडिसन म्हणजे ठाणे नव्हे. 2010 च्या जनगणनेत तिथले सुमारे 28 टक्के रहिवासी भारतीय वंशाचे होते, पण भिंतीला भिंत लागून गुजराती, तेलुगू किंवा चिनी कुटुंब असू शकते. ज्यांनी 1987 मध्ये जर्सी सिटीच्या परिसरात 'डॉटबस्टर्स' टोळीचे भारतीयांवरील हल्ले पाहिले, त्यांच्या दृष्टीने आपल्या माणसांत राहणे ही चैन नव्हती. तिथे मुलीला आपल्या नावाचा उच्चार कुणाला शिकवावा लागणार नाही, हा फायदा लहान नाही. उणी बाजू म्हणजे गुणांची आणि शिकवण्यांची चढाओढ, जी ओक ट्री रोडवरच्या क्लासच्या पाट्या वाचतानाच कळते.

माझा कल विचाराल तर मेपलवुडकडे आहे, पण एका अटीवर : वर्गात भारतीय मुले किमान चार-पाच असावीत. प्रत्येक शाळेत कोणत्या वंशाची किती टक्के मुले आहेत हे राज्याच्या शिक्षण विभागाच्या वार्षिक अहवालात मिळते; तोच अहवाल बघा, कारण गावाची सरासरी फसवते. मग सुट्टीचा दिवस टाळून एखाद्या मंगळवारी, शाळा सुटायच्या वेळी, मुलीला घेऊन फाटकाशी उभ्या राहा. मुले गटागटाने बाहेर पडतील. त्या गटांचे रंग वेगवेगळे आहेत की मिसळलेले, आणि आणायला आलेले पालक एकमेकांशी बोलतात की आपापल्या गाडीत फोन बघत बसतात, हे पाहा. तिथून सरळ सार्वजनिक वाचनालयाच्या मुलांच्या कक्षात जा आणि तासभर बसा. एडिसन तिथून गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे. रविवारचा मराठी वर्ग आणि नणंदेकडची पुरणपोळी यांपैकी काहीच सुटणार नाही.