चौथ्या तासाचा आकडा

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे असून मला १६ वर्षांपासून मधुमेह आहे. चार घास खाल्ले की पोट गच्च होते आणि कधी कधी सकाळी खाल्लेले संध्याकाळी उलटून पडते. एन्डोस्कोपीत दोष आढळला नाही, म्हणून न्यूक्लिअर मेडिसिन विभागात जठराची तपासणी झाली. अहवालानुसार दोन तासांनी ५२ टक्के आणि चार तासांनी २४ टक्के अन्न जठरात शिल्लक होते. त्यांतला पहिला आकडा सामान्य आणि दुसरा असामान्य ठरवला आहे. एकाच जठराबद्दल अशी दोन मते कशी? शिवाय पोटात गेलेल्या किरणोत्सारी पदार्थाची धास्ती वाटते.

उत्तर : ही दोन मते नाहीत. घन अन्न जठरात गेल्यावर लगेच पुढे सरकत नाही. ते आधी वरच्या भागात साठते, मग खालच्या भागात घुसळून एक-दोन मिलिमीटरच्या कणांइतके बारीक होते आणि त्यानंतरच आतड्यात उतरू लागते. या तयारीला लागणारा वेळ निरोगी माणसांतही इतका कमी-जास्त असतो, की पहिल्या तासाअखेर ३७ ते ९० टक्के अन्न शिल्लक असले तरी ते सामान्य मानतात. दोन तासांनी ही मर्यादा ६० टक्के आणि चार तासांनी १० टक्के असते. आपले जठर सुरुवातीला मर्यादेत राहिले, पण पुढे रेंगाळले. काही रुग्णांचा मंदपणा चौथ्या तासालाच उघड होतो, म्हणून तपासणी दोन तासांत आटोपती घेणे मला मान्य नाही. २४ टक्के हा प्रचलित वर्गवारीत मध्यम मंदपणा ठरतो.

आकडा विश्वासार्ह असण्यासाठी पडद्यामागे बरीच काळजी घ्यावी लागते. किरणोत्सार टिपणाऱ्या कॅमेऱ्याला अन्न दिसत नाही, फक्त त्यात मिसळलेले टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य दिसते. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकात शिजवण्यापूर्वी मिसळतात, म्हणजे बलक गोठताना ते त्यात घट्ट अडकते. शिजलेल्या अंड्यावर नुसते ओतले, तर ते सुटून पाण्याबरोबर निघून जाते आणि कॅमेरा घन अन्नाऐवजी पाण्याचा वेग सांगतो. २००८ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने ठरलेला आहार हा पांढरा बलक, टोस्टचे दोन तुकडे, जॅम आणि १२० मिलिलिटर पाणी असा, सुमारे २५५ कॅलरींचा आहे. आधी सांगितलेल्या मर्यादा याच आहाराला लागू पडतात, दुसरे काही खायला दिले तर त्या जशाच्या तशा लावता येत नाहीत. जठरातले अन्न मागून पुढे सरकते, त्यामुळे समोरच्या एकाच चित्रावर विसंबले तर मोजणी फसते. म्हणून पुढून आणि मागून अशी दोन्ही चित्रे घेऊन त्यांची गुणोत्तरीय सरासरी (दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ) काढतात. चार तासांत टेक्नेशियमचा सुमारे ३७ टक्के किरणोत्सार आपोआप विझतो, ती घटही हिशेबात धरावी लागते.

धास्तीचे म्हणाल, तर मात्रा साधारण अर्धा ते एक मिलिक्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक) असते आणि दर सहा तासांनी ती निम्मी होते. हा पदार्थ आतड्यातून रक्तात शोषला जात नाही, तो मलावाटे बाहेर पडतो. शरीराला होणारा किरणोत्सार निसर्गातून वर्षभरात होणाऱ्या किरणोत्सारापेक्षा कमी असतो. गर्भवती स्त्रियांबाबत मात्र ही तपासणी शक्यतो टाळतात.

अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा तपासणीच्या दिवसाची माहितीही सोबत न्यावी. संपूर्ण आहार दहा मिनिटांत संपवला होता का, मधल्या काळात उलटी झाली का, जठराची गती वाढवणारी किंवा मंदावणारी औषधे साधारण दोन दिवस आधी थांबवली होती का, हे त्यांना हवे असेल. सर्वांत महत्त्वाची त्या सकाळची रक्तशर्करा. वाढलेली साखर स्वतःच जठराला मंद करते, म्हणून ती २७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असल्यास तपासणी पुढे ढकलायला हवी होती. आपली नोंद तेवढी जास्त निघाली, तर हे २४ टक्के जठराच्या खात्यावर टाकण्याआधी साखर आटोक्यात आणून तपासणी पुन्हा करावी.