विंचू चावला आणि गोळी दिली बीपीची?

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, मागे डोंगर. पावसाळ्यात मुलाच्या शाळेच्या बुटातून लाल विंचू निघाला. आजी म्हणते कांदा चोळायचा, शेजारचे काका म्हणतात बीपीची गोळी देतात. खरं काय?

उत्तर : काका बरोबर आहेत, कांदा भजीसाठी ठेवा! लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायनं एकदम सुटतात, मग दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंडगार, बीपी वर आणि शेवटी हृदय थकून फुप्फुसात पाणी, म्हणजे दुखतंय किती यापेक्षा ही लक्षणं बघायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे कोकणातल्या पेशंटपाशी बसून टिपलं, १९८२ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे प्राझोसिन ही बीपीचीच साधी गोळी वापरून त्यांनी कितीतरी जीव वाचवले. २०११ च्या त्यांच्या अभ्यासात गोळीसोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष (अँटिव्हेनम) दिलं तर पेशंट आणखी लवकर सावरतो असंही दिसलं. पण गोळी घरी स्वतःहून द्यायची नाही हां, बीपी धाडकन पडू शकतं. लहान मूल असेल तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल, ट्रॅफिक धरून निघा. आणि बूट रोज आपटून घाला.