एकेकटा बोर्ड चालतो, दोन लावले की अडखळतात? आधी मॅक बघा

एक बोर्ड लावला तर दिवसभर चालतो, दुसरा त्याच स्विचवर लावला की दोघांचाही पिंग (जोडणी तपासायचा संदेश) आळीपाळीने तुटतो, असं तुम्ही लिहिलंय. केबल बदला म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. दोन्ही बोर्डांचे मॅक पत्ते, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाची जी वेगळी ओळख असायला हवी ती, शेजारी ठेवून बघा. पैज लावतो, सारखेच निघतील.

चाकणच्या एका कारखान्यात आमचे मीटर वाचून आकडे नेटवर्कवर पाठवणारे डबे, म्हणजे गेटवे, होते, तिथे हेच झालं. बोर्ड जुळवून देणाऱ्याने एका चालू बोर्डाची अख्खी फ्लॅश (कायमची मेमरी) वाचून घेतली आणि तीच बाकी सगळ्यांवर चढवली. बोर्ड सुरू करणाऱ्या यू-बूट प्रोग्रॅमची सेटिंग्जही त्याच फ्लॅशमध्ये, त्यामुळे मॅकसुद्धा सगळीकडे तोच गेला. ते निस्तरणं सोपं होतं. जीव खाल्ला तो कारखान्याच्या आयटी विभागाने. एकच पत्ता या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारतोय, हे स्विचच्या लॉगमध्ये ढळढळीत दिसलं असतं. पण लॉग मागितला की उत्तर ठरलेलं: "पॉलिसीत बसत नाही, तुमचा पॉवर सप्लाय तपासा." तपासला, बदलला, अर्थिंग मोजलं. शेवटी आमचाच साधा स्विच नेऊन टेबलावर दोन गेटवे जोडले, तेव्हा उलगडा झाला. असो.

तुमच्या बोर्डावरचा प्रोसेसर एसटीएम३२ आहे. त्यात ईथरनेटचा मॅक कारखान्यातून भरून येत नाही. क्यूबएमएक्सने (त्याचा सुरुवातीचा कोड बनवून देणाऱ्या सॉफ्टवेअरने) जो भरला तोच प्रत्येक बोर्डावर जातो. माझं मत विचाराल तर मायक्रोचिपची २४एए०२ई४८ लावा. दोन तारांवर (आय-टू-सी) जोडायची छोटीशी मेमरी चिप (ईईप्रॉम) आहे, तिच्या कुलूपबंद भागात ६ बाइटचा अधिकृत पत्ता आधीच असतो. फ्लॅश कुणी कितीही कॉपी केली तरी तो हलत नाही.

बोर्ड तयार झालेत आणि आता चिप बसणार नाही? मग प्रोसेसरच्या ९६ बिटांच्या युनिक आयडीचा हॅश (गणिताने काढलेला छोटा ठसा) काढा आणि त्यातून मॅक बनवा. पूर्ण आयडीचा, बरं का. त्यात वेफर (ज्या सिलिकॉन चकतीतून चिप कापली ती) आणि लॉटचे नंबर असतात, नुसता एखादा तुकडा उचलला तर एका लॉटमधले बोर्ड पुन्हा जुळे निघू शकतात. पत्त्याचा पहिला बाइट ०२ ठेवा, म्हणजे तो स्थानिक, आपणच ठरवलेला, ठरतो. पहिल्या बाइटचा सर्वांत खालचा बिट चुकून १ झाला तर तो मल्टिकास्ट, म्हणजे एकाऐवजी गटाचा पत्ता, होतो, मग वेगळीच डोकेदुखी.

हा हॅशचा उपाय घरच्या किंवा एका कारखान्याच्या नेटवर्कपुरता. बाजारात माल विकणार असाल तर मॅक पत्ते वाटणाऱ्या आयट्रिपलई संस्थेकडून पत्त्यांचा ब्लॉक घ्या, सर्वांत लहान ४०९६ पत्त्यांचा मिळतो. त्यातले नियम त्यांच्याकडूनच समजून घ्या, मी त्यातला जाणकार नाही.

आणि जुळवणीवाल्याला फ्लॅशचा डंप (अख्खी नक्कल) कधीही देऊ नका. फर्मवेअरची (बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल वेगळी द्या, पत्त्यांची यादी वेगळी, आणि प्रत्येक डब्यावर मॅकचं स्टिकर चिकटवायला लावा. साइटवर शिडीवर चढून लॅपटॉप जोडण्यापेक्षा ते बरं.