डोळ्याला बांधलेला टीव्ही: तुमचे प्रश्न, डोळ्यांच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा साडेअकरा वर्षांचा आहे. मामानं दुबईवरनं त्याला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून आभासी थ्रीडी जग दाखवणारा) आणून दिलाय आणि सुट्टी लागल्यापासनं पोरगं तो काढायलाच तयार नाही. परवा दोन तासांनी जबरदस्तीनं काढला तर म्हणतंय गरगरतंय, दोन-दोन दिसतंय. सासूबाई म्हणतात चार बोटांवर स्क्रीन धरल्यावर डोळे जाणारच. नंबर लागेल का हो?
– एक आई, शाहूपुरी

उत्तर: ताई, आधी सासूबाईंचं घेऊ, कारण ही शंका सगळ्यांनाच येते. स्क्रीन चार बोटांवर असतो हे खरं, पण डोळ्याला तो तिथं दिसतच नाही. मधली भिंगं चित्र लांब नेऊन ठेवतात, बऱ्याच हेडसेटमध्ये साधारण सव्वा ते दोन मीटरवर. म्हणजे नंबरच्या हिशोबानं बघितलं तर पांघरुणात मोबाइल नाकाला लावून पडलेलं पोरगं जास्त काळजीचं. हेडसेटनं डोळे कायमचे बिघडतात असा पुरावा आजवर तरी मिळालेला नाही.

मग दोन-दोन का दिसलं? जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातलं भिंग फुगतं, ही दोन कामं एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी जोडीनं चालतात. हेडसेटमध्ये गेममधला राक्षस नाकापर्यंत आला की डोळे आत वळतात पण फोकस त्या दीड-दोन मीटरवरच ठेवावा लागतो, एक बैल पळतोय आणि दुसरा जागेवर उभा, मग कपाळ दुखतं, धूसर दिसतं, काढल्यावर थोडा वेळ दोन-दोन दिसतं. गरगरणं वेगळं. डोळे म्हणतात आपण पळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो सोफ्यावर बसलोय. गगनबावड्याच्या घाटात मोबाइल बघणाऱ्याला गाडी लागते ना, तेच पण उलट्या बाजूनं.

आता एक गोष्ट बघा जी घरात कुणी बघत नाही. दोन बुबुळांमधलं अंतर हेडसेटवर जुळवावं लागतं. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटला 58, 63 आणि 68 मिलिमीटर अशा तीनच खाचा आहेत, पोराचं अंतर 58 पेक्षाही कमी असू शकतं आणि मामानं स्वतःच्या मापानं लावलं असेल तर डोळ्यांची ओढाताण होणारच. चष्म्याच्या दुकानात एका मिनिटात हे अंतर मोजून देतात.

वयाचं म्हणाल तर मेटानं 2023 मध्ये किमान 13 वर्षांची अट पालकांच्या परवानगीनं 10 वर आणली, सोनी मात्र 12 च्या खाली नको म्हणते. कंपनीनं आकडा बदलला म्हणून पोरांचे डोळे बदलत नाहीत, हे माझं मत. वीस मिनिटं झाली की काढायचा, गॅलरीतनं लांब बघायचं, पापण्या मिचकवायच्या (स्क्रीनपुढं आपण त्या विसरतो आणि डोळे कोरडे पडतात). आणि रोज दीड-दोन तास बाहेर उन्हापावसात खेळू दे, नंबर लांबवायला याचा खरा उपयोग होतो.

काढून तासभर झाला तरी दोन-दोन दिसत असेल, किंवा त्यातलं थ्रीडी त्याला उठून दिसतच नसेल तर दाखवून घ्या. लपलेला तिरळेपणा किंवा आळशी डोळा (ज्या डोळ्याचं चित्र मेंदू नीट वापरत नाही) असाच सापडतो कधीकधी. गंमत म्हणजे अमेरिकेत 2021 साली 4 ते 7 वर्षांच्या मुलांच्या आळशी डोळ्यासाठी हेडसेटवरच्याच एका उपचाराला एफडीएनं (तिथल्या औषध-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यानं) मान्यता दिली. तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर असतो हां, मामाच्या बॅगेतनं नाही.

प्रश्न: माझा व्हीआर गेमचा स्टॉल आहे, सुट्टीत दिवसाला चाळीस-पन्नास पोरं एकच हेडसेट घालतात. एका गिऱ्हाइकानं येऊन भांडण काढलं, म्हणे तुमच्यामुळं पोराचे डोळे आले. असं होतं काय?
– स्टॉलवाला, राजारामपुरी

उत्तर: होऊ शकतं भावा. 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ कशी घरोघर फिरली आठवतंय ना, ती हातानं आणि टॉवेलनंच पसरते, आणि तुझ्या हेडसेटची ती घामानं भिजलेली फोमची गादी म्हणजे पन्नास जणांचा एक टॉवेलच की. गादीला पुसता येणारं कव्हर घाल, प्रत्येकाला डोळ्यांभोवती लावायचा कागदी मास्क नवा दे, लाल डोळ्यांचं गिऱ्हाईक आलं तर पैसे गेले तरी चालतील पण परत पाठव. भिंगावर सॅनिटायझर मारू नको, कोटिंग जातं, कोरडं मायक्रोफायबर कापड बास. स्टॉलवर ऊन येत असेल तर भिंगं उन्हाकडं करून ठेवू नको, लहानपणी भिंगानं कागद जाळायचो तसा आतला स्क्रीन जळतो. आणि झगमगत्या चित्रांनी कुणाला फिट येते का हे आधी विचारत जा, लाजू नको.

प्रश्न: वय 67. नातू हेडसेट घाला म्हणून मागं लागलाय. चाळीशी लावून बघायचं का?
– आजोबा, मंगळवार पेठ

उत्तर: नको आजोबा, चाळीशी खिशातच राहू दे, चित्र पेपरएवढं जवळ नसतं. लांबचा नंबर असेल तर तो चष्मा मात्र घाला, फक्त चष्म्याची काच आतल्या भिंगाला घासू देऊ नका, दोन्हीवर ओरखडे पडतात. पहिल्यांदा खुर्चीत बसूनच बघा आणि ते रोलर कोस्टरचं नातवाला म्हणावं आधी तूच बघ.