नवरा फौजेत आहे, मला सहावा महिना आहे आणि तो नोकरी सोडून गावी येतो म्हणतोय. येऊ द्यावं का?

प्रश्नात ताईंनी दिलेला तपशील आधी सांगते. नवरा पायदळात, सर्व्हिस ११ वर्षं ४ महिने. पलटण दोन महिन्यांत पीसमधून (शांत ठिकाणच्या छावणीतून) फील्डला (सीमेकडे, जिथे बायकापोरं नेता येत नाहीत) निघालीय. ताईंना सहावा महिना. सासूबाईंचं म्हणणं, पोराला बोलावून घे, कर्ज काढून ट्रॅक्टर घेऊ. नवराही तयार आहे, "बाळासाठी येतो" म्हणतोय. ताईंना कळत नाहीये की अडवावं का हो म्हणावं.

अडवा. कायमचं नाही म्हणत मी, पण बाळ निदान वर्षाचं होईपर्यंत तो अर्ज पुढे जाऊ देऊ नका.

मी सातारा जिल्ह्यातली. सासरे फौजेत, दीर फौजेत. आमचे हे १९९८ ला भरती झाले, मराठा लाइट इन्फंट्री, बेळगावला ट्रेनिंग. २००९ साली मला सहावा महिना होता, हे पूंछकडे होते आणि सर्व्हिस झाली होती अकरा वर्षं. तेव्हा एका रविवारी फोनवर अगदी हेच शब्द आले, "सोडतो आता. बाळासाठी येतो." बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालायचं नाही. रांगेत उभं राहून पाच-सात मिनिटं बोलायला मिळायची, आणि त्यातली अर्धी "हॅलो, ऐकू येतंय का" मध्ये जायची. मला काय, आनंदच झाला. आईला सांगितलं, शेजारणीला सांगितलं. दोन दिवस पाय जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी बाजारात त्यांच्याच कंपनीतल्या एकाची बायको भेटली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "भाऊजी कॅडरमध्ये राहिले म्हणे, आमचे हे सांगत होते." नाइकाचा हवालदार व्हायचा कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स, त्यात हे नापास झाले होते. नकाशावाचनात गेला होता. मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी सरळ विचारलं, "कॅडर पास झाला असता, तर बाळासाठी आला असता का?" पलीकडे नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाले, "मागे माणसं उभी आहेत, ठेवतो."

ताई, तुम्ही आधी हे विचारा. आजच विचारा असं नाही, रजेवर आला की जेवण झाल्यावर निवांत विचारा. बाळ हे नोकरी सोडायला फार सोयीचं कारण आहे. गावात कुणी नावं ठेवत नाही, उलट कौतुक होतं. पण त्याच्याआड दुसरं काही असू शकतं. प्रमोशन हुकलेलं असतं, वरच्याशी वाजलेलं असतं, गुडघा किंवा पाठ बोलायला लागलेली असते. कधी फील्डची भीती असते, आणि ती बायकोला सांगायची कशी हे पुरुषांना कळत नाही. यातल्या प्रत्येकाला वेगळा इलाज आहे. कॅडर पुन्हा देता येतो, आमच्यांनी पुढच्या वर्षी दिला आणि पास झाले. गुडघ्यासाठी मेडिकल कॅटेगरी लागते, म्हणजे फौजेचे डॉक्टर तपासून हलकं काम लिहून देतात. सोडणं हा यातल्या फार थोड्या गोष्टींचा इलाज आहे.

आता पैशाचं बोलते, कारण सासूबाईंचा ट्रॅक्टर तिथेच अडणार आहे. शिपायापासून जेसीओपर्यंत (म्हणजे सुभेदार वगैरे) सगळ्यांना पेन्शनला १५ वर्षं लागतात. तुमच्या घरचे त्यापासून ४४ महिने लांब आहेत. आत्ता स्वतःच्या अर्जावर बाहेर पडले तर पेन्शन नाही, आणि पेन्शनशिवाय स्वतःहून सोडलेला माणूस 'माजी सैनिक' या व्याख्येतच बसत नाही. म्हणजे ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं) कार्ड नाही, फौजेचं स्वस्त मालाचं कँटीन नाही, नोकरीतलं आरक्षण नाही. सरकारी बँकांत माजी सैनिकांना क श्रेणीत १४.५ टक्के आणि ड श्रेणीत २४.५ टक्के जागा असतात, केंद्राच्या क गटाच्या नोकऱ्यांत १० टक्के. ते सगळं दार बंद. लोकांना वाटतं अकरा वर्षं घातली म्हणजे निदान अकरा पंधरांशाची पेन्शन बसेल. तसं नसतं.

१५ पूर्ण केली तर? मी सातव्या वेतन आयोगाचं गणित धरते. मूळ पगार ३३-३४ हजारांवर गेलेला असेल, त्यात मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००. दोन्हींच्या बेरजेचं निम्मं म्हणजे साडेएकोणीस हजारांच्या आसपास, वर महागाई भत्ता. रक्कम थोडी इकडेतिकडे होईल, ग्रुप आणि रँकवर आहे. पण तुमच्या नवऱ्याचं वय तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर असणार. तिथून पुढे आयुष्यभर दर महिन्याला एवढं येणार असेल, तर ट्रॅक्टरच्या हप्त्याला पावसाची वाट बघावी लागत नाही.

एक गोष्ट गावातले पेन्शनरसुद्धा नीट सांगत नाहीत. २०१५ मध्ये 'वन रँक वन पेन्शन'चा (ओआरओपी, म्हणजे हुद्दा आणि सर्व्हिस सारखी असेल तर निवृत्ती कधीची का असेना, पेन्शन सारखी) आदेश निघाला, त्यात असं आहे की इथून पुढे जो स्वतःच्या अर्जावर मुदतीआधी बाहेर पडेल त्याला ओआरओपी लागू नाही. म्हणजे पंधरा झाल्या झाल्या अर्ज टाकला तर पेन्शन मिळेल, पण पुढे ओआरओपीची वाढ येईल तेव्हा त्यात तुम्ही नसाल. आपल्या एंगेजमेंटची, म्हणजे ठरलेल्या नोकरीची, मुदत पुरी करून निघणारा आणि अर्ज देऊन निघणारा, दोघं एकाच चौकात चहा पितात, पण पेन्शन सारखी राहत नाही. हे डोक्यात ठेवा.

(अग्निवीर वाचत असतील तर हा प्रश्न तुमचा नाही. चार वर्षं लग्नच करायचं नसतं.)

आता बाळंतपण. तो नोकरी सोडण्याचा अर्ज देईल, कागद वर जातील, मंजुरी येईल, तोवर तुमचं बाळ पालथं पडायला लागलेलं असेल. तेव्हा बाळंतपणाला तो जवळ हवा असेल तर त्याचा रस्ता रजेचा आहे. वर्षाला ६० दिवस ॲन्युअल लीव्ह, ३० दिवस कॅज्युअल, शिवाय १५ दिवसांची पितृत्व रजा, जी बाळंतपणाच्या आधी पंधरा दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते. आणि इथे आम्ही जी चूक केली ती तुम्ही करू नका. डॉक्टरांनी दिलेली तारीख धरून ह्यांनी रजा टाकली. पूंछहून कॉन्व्हॉय, जम्मूला ट्रान्झिट कँप, मग झेलमला दोन रात्री, पुण्याहून एसटी. आले. तारीख आली आणि गेली. हे रोज सकाळी माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच अडवून धरलंय. अकराव्या दिवशी परत जावं लागलं. बाळ झालं तेव्हा हे जम्मूच्या ट्रान्झिट कँपात कॉन्व्हॉयची वाट बघत होते.

पहिलटकरणीच्या तारखेवर विसंबून सुट्टी टाकू नका. त्या दिवशी दवाखान्यात तुमची आई असेल, जाऊबाई असेल, बाहेरच्या बाकावर बसायला वडील असतील. नवऱ्याची खरी गरज लागते ती बाळंतिणीची पाहुणी मंडळी पांगली की, दीड-दोन महिन्यांनी, जेव्हा बाळ रात्रभर रडतं आणि सगळे "सवय होईल" म्हणून झोपायला जातात. पितृत्व रजा आणि थोडी ॲन्युअल तेव्हा जोडून घ्या. युनिटच्या हेड क्लार्कशी आधीच बोलून ठेवायला सांगा, फील्डमध्ये रजेची यादी महिनोन् महिने आधी ठरते.

माहेर की एमएच, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल? पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत, आणि मी तेच केलं. पण माहेराहून एमएच तासा-दोन तासांवर असेल, खडकी, देवळाली, बेळगाव, कामठी असं कुठलं, तर तिथे नाव घालून ठेवा. नोकरीत असेपर्यंत तुमचा उपचार तिथे फुकट आहे. गावातल्या दवाखान्यात सिझर झालं की बिल किती येतं ते शेजारीपाजारी विचारा, मी आकडा सांगत नाही.

एमएचला जायचं तर डिपेंडंट कार्ड लागतं, आणि कार्डासाठी तुमच्या लग्नाची पार्ट टू ऑर्डर (युनिटनं सर्व्हिस रेकॉर्डसाठी काढलेली अधिकृत नोंद) निघालेली हवी. यात आमची फार फजिती झाली. माहेरची मी सुवर्णा. लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीनं नाव लिहिलं, स्वाती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, उखाणा झाला. मग पार्ट टूला गेलं सुवर्णा, रेशनकार्डावर चढलं स्वाती, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर माझ्या भावानं घाईत लिहून दिलं 'स्वाती' पण आडनाव माहेरचं. एका मुलीच्या तीन आया. रेकॉर्ड ऑफिस म्हणणार दाखला जुळत नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं, चूक आमची. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, पुन्हा अर्ज, यात पावणेदोन वर्षं गेली. तोवर मुलगी सरकारी हिशेबात जन्मलेलीच नव्हती.

तेव्हा आजच तुमच्या कार्डावरचं, आधारवरचं आणि नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डवरचं नाव एकाखाली एक कागदावर उतरवून बघा. वेलांटीचासुद्धा फरक नको, इंग्रजी स्पेलिंगचाही नको. बाळाची जन्मनोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते, बाळाचं नाव नंतर घालता येतं, त्यामुळे बारशाची वाट बघू नका, पण आईबापाची नावं पहिल्या दिवशीच बरोबर हवीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला चालवायचा आहे. अडलंच कुठे तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथली बहुतेक माणसं स्वतः फौजेतून आलेली असतात, अर्धं बोलणं सांगावं लागत नाही.

मधला एक मार्ग पण आहे, ईआरई. पलटणीबाहेरची नेमणूक, म्हणजे एनसीसी, भरती कार्यालय, असं कुठेतरी. एनसीसीची युनिटं सातारा-कोल्हापूरलाही आहेत. मागितलं की मिळतं असं नाही, पण मागणाऱ्याचंच नाव यादीत असतं. फील्ड दोन-अडीच वर्षांचं, त्यानंतर ईआरई किंवा पीसला क्वार्टर, एवढ्यात तुमचे ४४ महिने संपतात.

याची किंमत काय, तेही लिहिते, नाहीतर वाटेल बाईनं नुसते हिशेब मांडले. आमची मुलगी दोन-अडीच वर्षांची होती. हे रजेवर आले की दारात काळी पेटी ठेवायचे, पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेली. ती पेटी दिसली की ही आत जायची, आपली उशी काखोटीला मारायची आणि आजीच्या खोलीत निघून जायची. कुणी सांगितलेलं नसायचं. रडायची नाही, रुसायची नाही. तिला माहीत होतं की पेटी आली म्हणजे पलंगावरची आपली जागा गेली. ह्यांनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा पेटी उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. पुढच्या रजेपासून गोठ्यातच उतरवायचे आणि मग घरात यायचे. ती पोरगी लबाड, गोठ्यात डोकावून यायची आणि उशी उचलायची.

हे २०२२ ला हवालदार म्हणून निवृत्त झाले, २४ वर्षांनी. आता तालुक्याच्या बँकेत गार्ड आहेत. मुलगी मोठी झाली, बापाशी बोलते, पण पैसे मागायचे असले तरी आधी माझ्याकडे येते आणि म्हणते, "तू सांग त्यांना." मी कधी कधी मुद्दाम सांगत नाही. "तूच विचार," म्हणते. मग ती दारात उभी राहते, हे पेपर खाली ठेवतात, आणि दोघंही थोडा वेळ कुणी आधी बोलायचं याची वाट बघतात.

तेव्हा सोडलं असतं तर असं झालं नसतं का? नसतं झालं कदाचित. पण मग कॅडरमध्ये राहिलेला माणूस, हातात पेन्शन नाही, भावकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आणि दर भांडणात "तुझ्या बाळंतपणासाठी सोडून आलो" हे वाक्य. ते मला ऐकायचं नव्हतं, आणि मुलीला तर अजिबात ऐकू द्यायचं नव्हतं.

डॉक्टरांनी तुमच्या तब्येतीचं काही गंभीर सांगितलं असेल, किंवा घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं असेल आणि बघणारं दुसरं कुणीच नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कागदपत्रं जोडून कम्पॅशनेट पोस्टिंग (घरच्या अडचणीमुळे घराजवळची नेमणूक) आधी मागा, सोडण्याचं शेवटी. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही. सासूबाईंना दुखवू नका, ट्रॅक्टर घेऊ म्हणा, पण पेन्शनच्या पुस्तकावर घेऊ म्हणा.